जीन एडिटिंगवरचा पिक्चर चार लोकांत कसा बघायचा आणि बघून झाल्यावर काय बोलायचं

माणसाच्या जीन्समध्ये हात घालावा की नाही यावर आपल्याकडे गप्पा निघाल्या की दोन वाक्यं ठरलेली असतात, एक "विज्ञानाला कोणी अडवू शकत नाही" आणि दुसरं "निसर्गाच्या विरुद्ध गेलं की असंच होणार". दहा मिनिटांत विषय संपतो, कारण दोन्हीकडे माणूस कोणीच नसतो. ना पेशंट, ना आईबाप, ना ते मूल ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय. सिनेमा इथे खरंच उपयोगी पडतो, त्यात चेहरा असतो, घर असतं, पैशाचा प्रश्न असतो, आणि दोन तास तुम्ही त्या माणसाच्या बाजूला बसलेले असता, मग घरून येताना मत काहीही घेऊन आलेले असा.

पण नुसता पिक्चर लावून भागत नाही. साय-फाय पिक्चर प्रश्न फार छान मांडतात आणि मग उत्तर द्यायची वेळ आली की एखादा राक्षस नाहीतर वेडा शास्त्रज्ञ पुढे करतात, तो मेला की आपण सगळे सुटलो. म्हणून मी जे सांगणार आहे त्याचा गाभा एवढाच आहे की राक्षस यायच्या आधीचा सीन पकडा. दोन साधी, चांगली माणसं डॉक्टरच्या टेबलासमोर बसून मुलाचं भलं व्हावं म्हणून काहीतरी ठरवतायत, तिथे पिक्चर थांबवा आणि विचारा, हे कोण ठरवतंय, कोणासाठी, आणि ज्याच्यासाठी ठरवतायत त्याला विचारायची काही सोय आहे का. कोथरूडमध्ये आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये हे करतो, कॉलेजची मुलं असतात, रिटायर्ड काका असतात, एक दोन डॉक्टर असतात, आणि या पद्धतीने बोलणं खोल जातं असा माझा अनुभव आहे.

पिक्चर कोणता

पहिल्यांदा करत असाल तर सरळ 'गॅटका' घ्या. १९९७ चा, अँड्र्यू निकोलचा, पावणेदोन तासांचा. नावसुद्धा डीएनएच्या जी, ए, टी, सी या चार अक्षरांतूनच तयार केलंय. स्फोट नाहीत, विचित्र प्राणी नाहीत. व्हिन्सेंट नावाचा मुलगा जुन्या पद्धतीने, म्हणजे आईबापांच्या पोटी जसा येईल तसा जन्माला येतो, जन्मल्या जन्मल्या नर्स त्याच्या रक्ताच्या थेंबावरून वाचून दाखवते की हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के आणि अंदाजे आयुष्य ३०.२ वर्षं. त्याचा धाकटा भाऊ अँटन मात्र डॉक्टरकडे जाऊन निवडून आणलेला. व्हिन्सेंटला अंतराळात जायचंय आणि त्या जगात त्याला ऑफिसमध्ये झाडू मारण्यापलीकडे कोणी उभं करत नाही. बस, एवढ्यावर अख्खा पिक्चर उभा आहे.

दुसऱ्या तिसऱ्या वेळेसाठी 'नेव्हर लेट मी गो' (२०१०), काझुओ इशिगुरोच्या कादंबरीवरचा. यातली मुलं क्लोन आहेत आणि मोठी झाल्यावर त्यांचे अवयव काढून दुसऱ्यांना द्यायचे हे आधीच ठरलेलं. हा फार शांत पिक्चर आहे आणि शांत आहे म्हणूनच अंगावर येतो. बघणारे एकच प्रश्न विचारतात की ही पळून का जात नाहीत, आणि तोच प्रश्न धरून तासभर बोलता येतं. 'ब्लेड रनर' (१९८२) तयार केलेल्या माणसांच्या हक्कांसाठी चांगला, त्यात त्यांना आयुष्यच चार वर्षांचं दिलेलं असतं. 'स्प्लाइस' (२००९) माणूस आणि प्राणी यांचा डीएनए एकत्र करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांचा, महत्त्वाकांक्षेबद्दल बोलायला जबरदस्त, पण त्यातले काही प्रसंग आजीआजोबा आणि शाळकरी मुलं यांच्यासमोर अजिबात दाखवू नका, आधी स्वतः पूर्ण बघा.

शाळकरी मुलं असतील तर 'क्रिश ३' (२०१३) मधला मानवरांचा, म्हणजे माणूस आणि प्राणी यांचा डीएनए मिसळून तयार केलेल्या जिवांचा तुकडा पुरतो. त्यांना तो माहिती असतो आणि बहुतेकांनी 'काल' नावाचा व्हिलन एवढंच लक्षात ठेवलेलं असतं. मग विचारा, हा 'काल' हे सगळं करतोय कशासाठी? तो स्वतः अपंग आहे, त्याला बरं व्हायचंय. बरं व्हायची इच्छा चुकीची आहे का? आणि काया, जिला त्याने बनवलं, तिने त्याचं ऐकायलाच हवं का? सहावी सातवीतली मुलं यावर काय बोलतात ते ऐका, मोठ्यांपेक्षा सरळ बोलतात.

जागा, माणसं, वेळ

बारा ते पंधरा माणसं पुरे. त्याच्या वर गेलं की ज्याला बोलायची सवय आहे तोच बोलतो. घरचा हॉल सगळ्यात बरा, कारण आपल्या ओटीटीच्या अकाउंटवर जे दिसतं ते घरी बघण्यासाठी असतं, तिकीट लावून किंवा बोर्ड लावून जाहीर शो करायचा असेल तर त्या पिक्चरचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्यावी लागते, हे आधीच बघून ठेवा. सदाशिव पेठेत एमपीएससीची तयारी करणारी मुलं ओळखीची असतील तर त्यांना जरूर बोलवा, नीतिशास्त्राच्या व्याख्या त्यांना पाठ असतात आणि समोर पिक्चर असला की त्या व्याख्यांना पहिल्यांदा हातपाय फुटतात.

इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा आणि ज्या ठिकाणी पॉज कराल तिथे काय घडलं ते एकाने मराठीत दोन मिनिटांत सांगायचं. ही गोष्ट छोटी वाटते पण यामुळे मागे बसलेल्या मावशी पण चर्चेत येतात.

वेळ साडेतीन तास धरा. पाच वाजता सुरू केलं तर साडेआठला उठता येतं. मधला चहा पिक्चर संपल्यावर नको, पॉजच्या वेळी द्या, कारण लोक खरं जे बोलायचं ते कप हातात असताना बोलतात.

आधीची पंधरा मिनिटं, ही टाळू नका

पिक्चर लावायच्या आधी भिंतीवर तीन मोठे कागद चिकटवा आणि त्यावर मराठीत लिहा: निवड, पेशंटची दुरुस्ती, पुढच्या पिढीत जाणारा बदल. चर्चेचा निम्मा गोंधळ या तीन गोष्टींची सरमिसळ झाल्याने होतो.

निवड म्हणजे जीन बदलायचं नाही, आयव्हीएफमध्ये चार सहा भ्रूण तयार होतात, त्यांची तपासणी करून एक ठेवायचं. हे आज होतं, पुण्यातही होतं, थॅलेसेमियासारखा गंभीर आजार घरात असेल तर कायद्याच्या चौकटीत होतं.

पेशंटची दुरुस्ती म्हणजे जन्मलेल्या, आजारी माणसाच्या काही पेशींमध्ये उपचार करायचा. तो बदल त्याच्यापुरता, त्याच्या मुलांना जात नाही. २०२१ मध्ये एसएमए, म्हणजे स्नायू निकामी करत जाणारा आनुवंशिक आजार, झालेल्या लहान बाळांच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी मुंबई-पुण्यात व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरत होते, लोकांनी शंभर शंभर रुपये पाठवले होते, ते इंजेक्शन म्हणजे जीन थेरपीच होती, बाळाच्या पेशींना नीट चालणारं जीन पोचवायचं. हे सांगितलं की हॉलमध्ये एकदम सगळ्यांना कळतं की विषय आपल्या घरापर्यंत आधीच आलाय.

तिसरं म्हणजे भ्रूणातच किंवा बीजपेशीत बदल करायचा, म्हणजे तो त्या मुलाच्या प्रत्येक पेशीत आणि पुढे त्याच्या मुलाबाळांत जाणार. आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या जीन थेरपीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याला मनाई आहे.

क्रिस्पर या जीन बदलायच्या तंत्राबद्दल दोन वाक्यं पुरतात. जीवाणूंकडे विषाणूंपासून बचाव करायची एक यंत्रणा असते, तिचा वापर करून डीएनए हव्या त्या जागी कापता येतो हे २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी दाखवलं, २०२० मध्ये दोघींना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. यापेक्षा जास्त सायन्स आधी सांगितलं की लोक विद्यार्थी होऊन बसतात आणि मग मत मांडत नाहीत.

'गॅटका' कुठे कुठे थांबवायचा

पहिला पॉज डॉक्टरच्या केबिनमध्ये, पिक्चर सुरू झाल्यावर थोड्याच वेळात येतो. व्हिन्सेंटचे आईबाप दुसऱ्या मुलासाठी आलेत, स्क्रीनवर चार भ्रूण, दोन मुलगे दोन मुली. डॉक्टर अगदी सौम्य माणूस आहे, कुठेही दुष्ट वाटत नाही. तो फाइल बघून सांगतो की तुम्ही घारे डोळे, काळे केस आणि गोरा रंग असं मागितलंय. इथे थांबवा. पुण्यात हे वाक्य वेगळंच ऐकू येतं. लग्नाच्या जाहिरातीत "गोरी, सडपातळ, उंच" वाचत मोठे झालेलो आपण, आणि तो डॉक्टर तर स्वतः कृष्णवर्णीय आहे आणि तोच ही ऑर्डर वाचून दाखवतोय. विचारा की गोरा रंग मागणाऱ्या आईबापांनी कोणाचं भलं केलं? मुलाचं? आणि समाजात रंगावरून त्रास होतो म्हणून मुलाचा रंग बदलायचा की समाजाला धरायचं? आमच्याकडे यावर एका मावशी बोलल्या होत्या की माझ्या सावळ्या मुलीला स्थळं बघताना जे ऐकावं लागलं ते आठवलं तर मी पण तिथे गोरा रंगच लिहिला असता, आणि त्यानंतर कोणीच सोपं उत्तर दिलं नाही.

मग पुढचं वाक्य. डॉक्टर म्हणतो, काही त्रासदायक गोष्टी मी काढून टाकल्यात, अकाली टक्कल, चष्मा, दारूचं आणि इतर व्यसन लागायची शक्यता, हिंसक वृत्ती, लठ्ठपणा. ही यादी मोठ्या कागदावर लिहा आणि लोकांना उठून तीन रकाने करायला लावा: हा आजार आहे, ही गैरसोय आहे, हा समाजाचा प्रश्न आहे. हॉलमधल्या निम्म्या लोकांना चष्मा असतो आणि चष्मा कुठे लिहायचा यावरच वीस मिनिटं जातात, जाऊ द्या. हिंसक वृत्ती जीनमध्ये असते का, की घरात, वस्तीत, शाळेत काय झालं त्यात असते, यावर अजून वीस. मला या सगळ्या संध्याकाळीत हाच भाग सर्वात मोलाचा वाटतो, कारण उपचार आणि सुधारणा यातली रेघ कुठे मारायची हा जगभरातल्या तज्ज्ञांचा प्रश्न इथे मार्कर पेन घेऊन साधी माणसं सोडवत असतात आणि रेघ सरळ येत नाही हे स्वतःच्या हाताने अनुभवतात.

त्याच सीनमध्ये डॉक्टर विचारतो, मुलगा हवा की मुलगी? आई म्हणते, व्हिन्सेंटला खेळायला भाऊ. अमेरिकन प्रेक्षकाला हे वाक्य गोड वाटत असेल, आपल्याकडे हा प्रश्न विचारणं आणि त्याप्रमाणे निवड करणं हा गुन्हा आहे. याबद्दल पुढे बोलतो, पण पॉज इथेच करून सांगा.

आणि मग बाप अडखळत म्हणतो की काही गोष्टी नशिबावर सोडाव्यात का. डॉक्टर समजावतो की मुलाला शक्य तितकी चांगली सुरुवात द्या, जगात आधीच खूप अडथळे आहेत, आणि हे मूल तुमचंच आहे, तुमच्यातलं सर्वोत्तम घेऊन. लोकांना विचारा की तुम्ही त्या खुर्चीत असता तर? हात वर करायला लावू नका, शेजारच्याशी दोन मिनिटं बोलायला सांगा, समोर सगळ्यांदेखत लोक खरं सांगत नाहीत.

दुसरा पॉज नोकरीच्या इंटरव्ह्यूला. लघवीची टेस्ट होते आणि इंटरव्ह्यू संपला, एक प्रश्न नाही. त्या जगात जीन्सवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे, पण ती कोणी पाळत नाही. अमेरिकेत असा भेदभाव नोकरीत आणि आरोग्य विम्यात करू नये म्हणून खरा कायदा २००८ मध्ये आला, म्हणजे पिक्चरनंतर ११ वर्षांनी, आणि आयुष्य विमा त्यातही धरलेला नाही. इथे विमा एजंट किंवा एचआरमध्ये काम करणारं कोणी असेल तर त्यांना बोलू द्या.

तिसरा पॉज जेरोमजवळ. हा सर्व बाबतीत उत्तम म्हणून निवडून तयार केलेला माणूस, पोहण्यात त्याला रौप्यपदक मिळालं, सुवर्ण नाही, आणि ते त्याला झेपलेलं नाही. आता तो व्हीलचेअरवर आहे आणि स्वतःचं रक्त, लघवी, ओळख व्हिन्सेंटला विकतोय. व्हिन्सेंटकडून कोणाची काही अपेक्षाच नव्हती आणि याच्याकडून फक्त अपेक्षाच होत्या. दहावी बारावीच्या मुलांचे आईबाप हॉलमध्ये असतील तर इथे फार काही विचारावं लागत नाही. एक मात्र करा, जेरोमच्या अपंगत्वाकडे पिक्चर कसं बघतो याबद्दल पण बोला, कारण भेदभावाविरुद्धचा हा पिक्चर व्हीलचेअरवरच्या माणसाला दुःखी सोडून दुसरं काही होऊ देत नाही आणि मला ते त्याचं मोठं वैगुण्य वाटतं.

शेवट मी सांगत नाही. चौथा पॉज नको, सलग बघू द्या.

पिक्चर जे चुकीचं सांगतो ते पण सांगा

९९ टक्के, ३०.२ वर्षं, असा भविष्याचा आकडा रक्ताच्या थेंबातून निघत नाही. काही आजार एका जीनमुळे होतात, सिकलसेल, थॅलेसेमिया, एसएमए, तिथे तपासणी नेमकं सांगते. पण उंची घ्या. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात उंचीशी जोडलेले डीएनएमधले १२ हजारांच्यावर फरक सापडले. नुसत्या उंचीसाठी एवढे. बुद्धी, स्वभाव, व्यसन हे तर त्याहून गुंतागुंतीचे आणि त्यात खाणं, शाळा, घर, पैसा सगळं मिसळलेलं. त्यामुळे हुशार मूल देतो म्हणणारी कोणतीही जाहिरात दिसली तर पाकीट घट्ट धरा. ही गोष्ट आपल्याकडे जास्त जोर देऊन सांगायला लागते, पत्रिकेतले गुण जुळवायची सवय असलेल्या समाजात टक्केवारीचा रिपोर्ट फार पटकन पत्रिका होऊन बसेल.

आणि वाईट जीन असं सरसकट काही नसतं. सिकलसेलचं जीन दोन्हीकडून आलं तर आजार होतो, एकाच बाजूने आलं तर गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, म्हणून तर मलेरियाच्या भागांत ते टिकून राहिलं.

खऱ्या गोष्टी तीन, भिंतीवरच्या कागदांखाली लावायला

पिक्चरनंतर लोक हलले असतात आणि घाबरलेले असतात. नुसती भीती घेऊन कोणी घरी जाऊ नये, म्हणून हा भाग.

पहिली गोष्ट चीनमधली. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे जियानकुई या शास्त्रज्ञाने जाहीर केलं की त्याने भ्रूणांमध्ये क्रिस्परने बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्यात. वडिलांना एचआयव्ही होता, मुलींना तो होऊ नये म्हणून सीसीआर५ हे जीन बदललं असं त्याचं म्हणणं. पण वडिलांकडून बाळाला एचआयव्ही जाऊ नये यासाठी वीर्य धुऊन वापरण्याची पद्धत आधीपासून आहे, त्यासाठी जीनला हात लावायची गरज नव्हती. जगभर संताप झाला आणि २०१९ च्या शेवटी त्याला चीनच्या कोर्टाने तीन वर्षांची शिक्षा दिली. त्या मुली आज शाळेच्या वयाच्या आहेत. त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही नाही. ही तिसऱ्या कागदाखाली.

दुसरी गोष्ट आशेची आहे आणि आपली आहे. सिकलसेल म्हणजे काय हे पुण्यात बऱ्याच जणांना माहीत नसतं, गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या आदिवासी घरांत विचारा. रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि हाडांत असह्य कळा येतात, पोरं शाळा सोडतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने कॅसजेवी या पहिल्या क्रिस्पर उपचाराला मंजुरी दिली. पेशंटच्याच रक्ताच्या मूळपेशी काढून त्यात असा बदल करतात की पोटातल्या बाळाच्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं. चांगलं, पण अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने १८ कोटी रुपये. गडचिरोलीच्या मुलाला याचा काय उपयोग? म्हणून दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने स्वतःचा क्रिस्पर उपचार तयार केलाय, बिरसा मुंडांच्या नावावरून त्याचं नाव 'बिरसा १०१', आणि तो पुढे नेण्यासाठी तंत्रज्ञान आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिलंय. लोकांपर्यंत पोचायला चाचण्यांचा टप्पा बाकी आहे. पण हे ऐकल्यावर मघाशी "निसर्गात हात घालू नये" म्हणणारे काका गप्प होऊन विचार करतात, ते मी पाहिलंय. इथे विचारायचा प्रश्न पैशाचा, उपचार असेल आणि परवडत नसेल तर ते नैतिक आहे का? ज्या समाजावर चाचण्या होणार त्यांना गोंडीत, भिलीत समजावून परवानगी घेतली जाणार का?

तिसरी गोष्ट निवडीची आणि ती आपल्याच घरातली. सोनोग्राफी आणि गर्भजल तपासणी बाळाचे आजार कळावेत म्हणून आली आणि तिचा वापर मुली नको म्हणून झाला. याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, मग १९९४ चा केंद्राचा कायदा, २००३ मध्ये तो गर्भधारणेआधीच्या निवडीलाही लागू झाला. तरी काय झालं बघा, सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४, बीड जिल्ह्यात तर ८०७. कोणी हुकूमशहा नव्हता, कोणी वेडा शास्त्रज्ञ नव्हता, हजारो घरांनी आपापल्या टेबलावर बसून आपापल्या मुलाच्या भल्याचा निर्णय घेतला. 'गॅटका'चं जग कसं तयार होतं हे कळायला हॉलिवूडची गरज नाही, आपण त्यातून गेलेलो आहोत.

चांगल्या वंशाची भाषा कोणी काढली तर

निघतेच. कोणीतरी म्हणतं की लग्नं जातीत होतात त्यामागे शास्त्र आहे, रक्त शुद्ध राहतं. चिडू नका, उत्तर तयार ठेवा. १८८३ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने युजेनिक्स, म्हणजे 'चांगल्या' माणसांचीच पैदास वाढवून वंश सुधारायचा, ही कल्पना त्या नावाने मांडली, पुढे अमेरिकेत हजारो लोकांची सक्तीने नसबंदी झाली, जर्मनीत नाझींच्या १९३३ च्या सक्तीच्या नसबंदीच्या कायद्यानंतर त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे जातीचं समर्थन याच भाषेत व्हायला लागलं तेव्हा बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ते मुळापासून खोडलं. त्यांचा एक मुद्दा इतका साधा आहे की हॉलमध्ये सांगितला की पुढे बोलणं उरत नाही: रक्ताचा प्रश्न असेल तर एकत्र जेवायला बंदी कशाला, जेवणाने रक्त बदलतं का?

आणि दुसरं नाव पुण्याचंच, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या, तिथल्या मानववंश, आनुवंशिकता आणि युजेनिक्सच्या संस्थेत, ऑयगन फिशर या संचालकाच्या हाताखाली. त्याला सिद्ध करायचं होतं की कवटीच्या आकारातला डावाउजवा फरक वंशाप्रमाणे बदलतो आणि युरोपीय वरचढ ठरतात. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं की असा संबंध दिसत नाही. परदेशात, एकटी बाई, गाईडच्याच विरोधात. पुढे त्या डेक्कन कॉलेजात आल्या हे आपण सांगतो, 'युगान्त' वाचतो, पण बर्लिनची ही गोष्ट पुण्याच्या प्रत्येक मुलीला माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कोणी महाभारत काढलं, की कौरव म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच की, तर तेही वाया घालवू नका. विज्ञानाचा पुरावा म्हणून ते धरायचं नाही, गोष्ट म्हणून धरायचं. गांधारीने पोटावर प्रहार का करून घेतला? कुंतीला आधी मुलगा झाला म्हणून. म्हणजे आईबापांची चढाओढ. शेजारच्याचं मूल सुधारून आणलेलं असेल तर आपलं तसंच ठेवायची हिंमत कोणात आहे? हा प्रश्न घेऊन बोला.

काही सांभाळायच्या गोष्टी

ज्यांच्या घरात आनुवंशिक आजार आहे किंवा विशेष मूल आहे असं कोणी येणार असेल तर त्यांना आधी फोन करून पिक्चरमध्ये काय आहे ते सांगा, आणि चर्चेत "तुम्हीच सांगा ना" म्हणून त्यांच्याकडे बोट करू नका. त्यांना वाटलं तर ते बोलतील. आजार जावा असं म्हणणं आणि आजार असलेला माणूस नसता तर बरं असं म्हणणं यातलं अंतर फार कमी असतं आणि बोलताना पाय घसरतो, घसरला की चालवणाऱ्याने लगेच थांबवायचं.

डॉक्टर मंडळींना शेवटी बोलू द्या. ते आधी बोलले की बाकीचे प्रश्न विचारतात आणि मत देत नाहीत. शंका आली, कोणी आपल्या घरातल्या टेस्टचा रिपोर्ट काढला, तर हॉलमध्ये सल्ला द्यायचा नाही, जेनेटिक कौन्सेलरकडे पाठवायचं.

एक खेळ नक्की करा. तीन खुर्च्या मांडा, डॉक्टर, आईबाप, आणि तिसऱ्या खुर्चीत पंचवीस वर्षांचं झालेलं ते मूल. डॉक्टर आणि आईबाप यांना जे ठरवायचं ते ठरवू द्या, मग तिसऱ्या खुर्चीतल्याने फक्त प्रश्न विचारायचे. तुम्ही हे का केलं? हे का केलं नाही? दुसरा प्रश्न पण तितकाच महत्त्वाचा आहे, आजार टाळता येत असताना टाळला नाही तर मूल त्याचाही जाब मागू शकतं. वीस वर्षांच्या आतल्या मुलामुलींना तिसरी खुर्ची द्या.

पुढच्या वेळी एखाद्या शास्त्रज्ञाला बोलवायचं असेल तर पुण्याइतकं सोयीचं शहर नाही, विद्यापीठाच्या आवारात पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस आहे, पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे. लेक्चर मागू नका, पिक्चर आमच्याबरोबर बघा म्हणा, आणि पत्रातच दोन प्रश्न लिहून पाठवा: तुमच्या लॅबमध्ये शक्य आहे पण तुम्ही करणार नाही अशी गोष्ट कोणती, आणि ती करायची नाही हे कोणी ठरवलं.